वाळवणाचा सिद्धांत

उशियामा हिदेनोरीला जपानमधल्या चिनो गावात कोणी ओळखत नव्हतं. शेजारच्या सुवा शहरातल्या भिंगांच्या कारखान्यात तो तपासनीस होता. दिवसभर दिव्याखाली भिंगं धरून चरे शोधायचे, चरा दिसला की भिंग डाव्या ट्रेमध्ये, नाही दिसला की उजव्या. वीस वर्षं हेच काम. शेजाऱ्यांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, शांत माणूस आहे, कचरा वेळेवर बाहेर ठेवतो.

पण देशभर विखुरलेली तीनेकशे माणसं अशी होती, की त्यांच्यात उशियामा हे नाव आदरानं घेतलं जायचं. ती माणसं टीव्हीला जोडून खेळायच्या एका जुन्या खेळाची वेडी होती. त्या खेळात जंगलात फिरून जनावरं पकडायची. पकडायची कशात, तर बोटभर लांबीच्या बांबूच्या नळीत. नळीचं तोंड जनावराकडे धरायचं, बूच काढायचं, की खोलीएवढा डोंगरबैलसुद्धा आत. बूच लावलं की नळी खिशात. खेळ बनवणाऱ्यांनी हे कसं घडतं ते कुठेच सांगितलं नव्हतं, आणि त्यामुळेच या तीनशे माणसांना चौदा वर्षं पुरेल एवढा विषय मिळाला होता.

एक गट म्हणायचा, जनावर लहान होतं. दुसरा म्हणायचा, नळीत जाते ती फक्त सावली, जनावर जंगलातच असतं. हिदेनोरीचा सिद्धांत तिसरा. नळीच्या आतली जागा घडी घातलेली असते, कपाटातल्या चादरीसारखी. जनावर आहे तेवढंच राहतं, जागाच उलगडते आणि मिटते. हा घडीचा सिद्धांत त्यानं अठरा पानांत, आकृत्यांसह मांडला होता. मात्सुमोतोचा किताझावा नावाचा निवृत्त छापखानेवाला दर तीन महिन्यांनी ‘नळीपत्र’ नावाचं पिना मारलेलं छोटं मासिक काढायचा. त्यात वाचकांच्या पत्रांना उत्तरं देण्याचं सदर हिदेनोरीकडे होतं. मंडळी त्याला गुरुजी म्हणत. अर्धं चेष्टेनं, अर्धं खरंच.

सदर तो रविवारी लिहायचा. टेबल दिवाणखान्याच्या कोपऱ्यात, शेजारी टीव्ही आणि खेळाचं यंत्र. मागे त्याची बायको मिनेको इस्त्री करत असायची, नाहीतर कोतात्सूच्या, म्हणजे खाली शेगडी असलेल्या बुटक्या टेबलाच्या, उबेत पाय घालून मटार सोलत असायची. लग्नाला सतरा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. हिवाळ्यात ती समुद्रशेवाळापासून कांतेन करायच्या वाडीत कामाला जायची आणि एरवी सुक्या जिनसांच्या दुकानात पाकिटं भरायची. फार पूर्वी एकदा तिनं विचारलं होतं, “अहो, पण ते आत जातं म्हणजे नक्की काय होतं?” तेव्हा तो एक आकृती अर्धी काढून बसला होता. मान न वळवता म्हणाला होता, “जाऊ दे गं, तुला नाही कळायचं.” पुन्हा तिनं विचारलं नाही. त्यालाही ते आठवण्याचं काही कारण नव्हतं.

एका वर्षी वसंताच्या अंकासाठी किताझावानं जी पत्रं टाइप करून पाठवली, त्यांत एक पत्र ‘सोरामामे’ या टोपणनावाचं होतं. सोरामामे म्हणजे वालासारखी मोठी शेंग. पत्र असं होतं:

‘मी या विषयातली जाणकार नाही. पण एक गोष्ट दिसली ती लिहिते. जनावर नळीत गेलं की ते उभं होतं तिथलं गवत गडद रंगाचं होतं. सगळे म्हणतात ती सावली आहे. पण जनावर गेल्यावर सावली कशी राहील? मला ते गवत ओलं वाटतं. लहान जनावराखाली थोडं, मोठ्याखाली जास्त. मी वाळवणाचं काम जवळून पाहिलं आहे. किलोभर मुळा किसून वाळवला की मूठभर उरतो, शंभर ग्रॅमसुद्धा भरत नाही. मुळा लहान झालेला नसतो, त्याचं पाणी गेलेलं असतं. पाणी घातलं की पुन्हा फुलतो. नळी जनावराचं पाणी काढून घेत असेल का? आणि बाहेर काढायचं तर पाणी लागतं, म्हणून खेळात प्रत्येक वेळी ओढ्याकाठीच नळी उघडता येते का? चुकलं असल्यास क्षमा करावी.’

हिदेनोरीनं ते पत्र एकदा वाचलं आणि त्याला हसू फुटलं. बऱ्याच दिवसांत सदराला असा खुसखुशीत विषय मिळाला नव्हता. दुपारभर बसून त्यानं उत्तर लिहिलं, आणि इतकं झकास जमलं असं त्याला वाटलं की रात्रीच्या जेवणाला कागद घेऊनच बसला.

“अगं ऐक, एक गंमत ऐक. कोणी सोरामामेबाई आहेत, त्यांनी नवा सिद्धांत काढलाय.” आणि तो रंगात येऊन वाचू लागला. “‘बाईंच्या मते आपला डोंगरबैल हा एक प्रकारचा सुका मासा आहे. तेव्हा शिकाऱ्यांनो, यापुढे नळीवर कृती छापायला हरकत नाही. बैल आदल्या रात्री भिजत घालावा. सकाळी पिळून, सोया सॉस आणि साखर घालून मंद आचेवर ठेवावा. चार जणांना पुरतो. बाई, आपण स्वयंपाकघरातून इतक्या लांब आलात, थकला असाल, आता परत जावं...’”

मिनेको हसली. तोंडावर हात ठेवून हसली. मग तिनं त्याच्या वाडग्यात मिसोचं सार वाढलं.

“पण गवत ओलं असतं ते?” ती म्हणाली.

“ते चित्रकाराचा हात घसरला असेल.”

“प्रत्येक वेळी?”

“तू कधी बघितलंस?”

“इस्त्री करताना दिसतं की. तुम्ही खेळत असता, मी मागेच असते.”

“बरं बरं. ते लोणचं दे इकडे.”

तो अंक निघाला आणि सदर गाजलं. वाचकांनी चित्रं पाठवली: दोरीवर चिमट्यांनी अडकवलेलं रानडुक्कर, किराणा दुकानात पाकिटात बंद डोंगरबैल, वर शिक्का ‘उन्हात वाळवलेला, अस्सल’. ‘वाळवणाचा सिद्धांत’ हे नाव पडलं आणि एखाद्याचं म्हणणं फुसकं असलं की लोक म्हणू लागले, “हे तर वाळवणच झालं.” उन्हाळ्यात मात्सुमोतोच्या कॉफीगृहात मंडळींचा मेळावा झाला तेव्हा हिदेनोरीनं सगळ्यांसमोर चहाच्या कपात वाळलेलं मश्रूम टाकलं आणि घड्याळ लावून म्हणाला, “वीस मिनिटं थांबा मंडळी, जनावर येतंय.” चाळीस माणसं पोट धरून हसली. तेवढं हसू त्यानं आयुष्यात कधी कोणाकडून मिळवलं नव्हतं. परत येताना गाडीत त्याला स्वतःचं नवल वाटत होतं.

सोरामामेचं पुन्हा पत्र आलं नाही. त्यानंही कधी चौकशी केली नाही.

दीड वर्ष गेलं. ‘नळीपत्रा’चा पन्नासावा अंक यायचा होता आणि किताझावाला त्यात जुनी पत्रं जशीच्या तशी, हस्ताक्षरासकट छापायची होती. जानेवारीतल्या एका सुट्टीच्या दिवशी त्यानं हिदेनोरीला मात्सुमोतोला बोलावलं. दोघं जमिनीवर खोकी पसरून बसले.

“हे बघा तुमचं वाळवण,” किताझावा हसत म्हणाला. “हे तर घ्यायलाच हवं. लोकांना आवडेल.”

हिदेनोरीनं कागद हातात घेतला.

पहिल्या ओळीचा अर्थ डोक्यात शिरायच्या आधीच अक्षर शिरलं. ते अक्षर तो रोज बघत होता. फ्रिजवर, ‘सार गरम करून घ्या’. तांदळाच्या डब्यावर, भरल्याची तारीख. गेल्या आठवड्यात त्याच्या खिशातल्या औषधाच्या पुडीवर, ‘जेवणानंतर’. उजवीकडे कललेलं, शेवटचा फराटा जरा लांब ओढलेला. ‘चुकलं असल्यास क्षमा करावी’ इथे तो फराटा कागदाच्या कडेपर्यंत गेला होता.

कानशिलं तापली. त्यानं कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला. मागे टाचणीनं लावलेला दुसरा एक छोटा कागद होता, त्याच अक्षरात.

“हे काय?”

किताझावा जरा चपापला. “ते नंतर आलं होतं. तुमचं सदर छापून आल्यावर.”

‘माझ्यामुळे आपल्या मासिकाची जागा वाया गेली, त्याबद्दल क्षमस्व. आमच्या पत्त्यावर येणारे पाच अंक यापुढे बंद करावेत. आपले परिश्रम थोर आहेत.’

“मला का नाही दाखवलंत?”

“दाखवणार होतो हो. पण तुम्ही इतके रंगात होता. चित्रं येत होती, अंक खपत होता...” किताझावानं खोक्याचं झाकण उगाच नीट बसवलं. “मलाच जरा कसंतरी वाटलं होतं. टाइप करताना मला त्या बाईंचं म्हणणं पटलं होतं, खरं सांगायचं तर. पण तुमच्यापुढे मी काय बोलणार, गुरुजी?”

इथे हिदेनोरीनं सांगून टाकायला हवं होतं की ही माझी बायको आहे. ते शब्द तोंडाशी आलेही. पण किताझावाच्या चेहऱ्यावर काय उमटेल ते त्याला दिसलं, आणि तो म्हणाला, “हे मी घरी नेतो. नक्कल काढून परत देईन.” कागद खिशात घालताना त्याला कळलं, आपण खोटं बोललो.

गाडीत तो त्या एका जेवणावर पुन्हा पुन्हा येत राहिला. आपण वाचत होतो आणि ती समोर बसून हसत होती. ती हसत होती! आणि मग तिनं विचारलं होतं, प्रत्येक वेळी? तिनं दार उघडून धरलं होतं आणि आपण लोणचं मागितलं.

घरी मिनेको नव्हती. कांतेनचा हंगाम ऐन भरात होता, तिला सुट्टी नव्हती. घरात बसून तिची वाट बघणं त्याला जमेना. तो वाडीकडे चालू लागला. सतरा वर्षांत तो तिथे एकदाही गेला नव्हता. लांबून, बसच्या काचेतून बघितलं होतं तेवढंच.

कापणी झालेल्या भातखाचरांत पेंढा अंथरला होता आणि त्यावर, नजर जाईल तिथवर, लाकडी पाट्यांत कांतेनच्या लाद्या मांडल्या होत्या. समुद्रातलं शेवाळ उकळून, गाळून, थिजवून केलेल्या. रात्री त्या गोठत आणि दिवसा उन्हात पाझरत. दुपारची तीनची वेळ होती. सगळ्या वाडीभर पाणी गळत होतं, इतकं हळू की ऐकू येत नव्हतं, पण प्रत्येक पाटीखालचा पेंढा गडद झाला होता. मोठ्या पाटीखाली मोठा डाग, छोट्या पाटीखाली छोटा. हिदेनोरी बांधावर उभा राहून ते डाग बघत राहिला.

“कोण पाहिजे?” कानटोपी घातलेला एक म्हातारा जवळ आला. वाडीचा मुकादम गोमी.

“मी उशियामा. मिनेकोचा नवरा.”

“अच्छा,” गोमी म्हणाला. त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. “नळीवाले.”

मग गोमीच पुढे म्हणाला, “ती पलीकडच्या खाचरात आहे, लाद्या उलटतेय. बोलावू?”

“नको. आजोबा, तुम्हाला ते... तुम्हाला ते कसं माहीत?”

“आम्हाला सगळ्यांना माहीत आहे. पत्र इथेच लिहिलं ना तिनं, चहाच्या शेडमध्ये. मुळा वजनकाट्यावर आम्हीच घातला. कांतेनचंही वजन केलं होतं, ओली लादी पाऊण किलो, वाळल्यावर आठ ग्रॅम. मी म्हटलं, हेच लिही, ह्यापुढे मुळा काय! तर म्हणाली, नको, ते ओळखतील.” गोमीनं बांधावरचं गोठलेलं ढेकूळ पायानं फोडलं. “पाच अंक मागवले होते आम्ही. शेडमध्ये एकीनं मोठ्यानं वाचायला घेतलं. तिला माहीत नव्हतं ना पुढे काय आहे. निम्म्यावर गप्प झाली. मग मिनेकोनंच अंक हातात घेतला आणि उरलेलं वाचून दाखवलं. हसत हसत.”

“तिला राग...”

“ते मला काय विचारता? आम्ही तिला म्हटलं, सांग की त्यांना, तू लिहिलंयस म्हणून. त्यांना माहीत असतं तर त्यांनी असं लिहिलं नसतं. तर म्हणाली, माहीत असतं तर छापलंच नसतं.”

गोमीच्या बोलण्यात टोचणी नव्हती. तो हवामान सांगावं तसं सांगत होता, आणि म्हणूनच ऐकवत नव्हतं. हिदेनोरीला वाटलं होतं की आपली फजिती आपल्या खिशात आहे, घडी घालून. ती दीड वर्षं या वाडीत उघड्यावर पडली होती. दुकानात, बसथांब्यावर ज्या बायका त्याला वाकून नमस्कार करत, त्यांनी ते वाचलं होतं. ‘स्वयंपाकघरातून इतक्या लांब आलात, आता परत जावं’ हे वाक्य त्यांना पाठ असेल.

मिनेको दिसली ती रबरी हातमोजे घालून, ओणवी. पाठीवर हात टेकून सरळ झाली तेव्हा तिला तो दिसला. ती धावत आली.

“काय झालं? कारखान्यात काही झालं का?”

“नाही. असाच आलो.”

“असेच?” ती त्याच्याकडे बघत राहिली. मग गोमीकडे बघितलं. गोमी वळून चालू लागला होता. तिला कळलं. “पाच वाजता सुटेन,” ती म्हणाली. “तुम्ही घरी जा. गारठाल.”

संध्याकाळी त्यानं दोन्ही कागद कोतात्सूवर ठेवले. माफीचं एक वाक्य त्यानं वाटेत जुळवलं होतं. प्रत्यक्षात बाहेर पडलं ते असं: “मला काय माहीत ते तुझं होतं!”

“म्हणजे दुसऱ्या कोणाचं असतं तर चाललं असतं?” मिनेको शांतपणे म्हणाली.

तो मान खाली घालून बसला. मग म्हणाला, “त्या दिवशी तू हसलीस.”

“हो ना.” तिनं कागदावरून हात फिरवला. “तुमच्या लिहिण्याचं मला वाईट वाटलं, पण तुम्ही असेच आहात, ते मला माहीत होतं. मी का हसले? वाडीत पण हसले. माझं लिहिणं, आणि मीच हसले तुमच्याबरोबर. त्याची मला अजून शरम वाटते.”

हिदेनोरी तिच्या हाताखालच्या कागदाकडे बघत होता. आपली लाज आपण वाहावी इथवर ठीक होतं. पण आपण केलेल्या गोष्टीची लाज दीड वर्षं ती वाहत होती, हे त्याला पेलेना.

पुढचे आठ दिवस कारखान्यातून आल्यावर तो खेळ लावून बसला. एकशे बारा जनावरं, एकेक पकडून. पडद्याला मोजपट्टी लावून गवतावरचा डाग मोजला. जनावर जेवढं मोठं तेवढा डाग मोठा, एकही अपवाद नाही. ज्याचा पोटापाण्याचा धंदा केसाएवढा चरा शोधण्याचा, त्यानं चौदा वर्षं हातभर डाग बघितला नव्हता. घडीच्या सिद्धांतात त्या डागाला जागा नव्हती. सोरामामेच्या चौदा-पंधरा ओळींत होती.

मग त्यानं जाहीर माफी लिहिली. पाच पानं. त्यात त्याचा अहंकार होता, भिंगांचा कारखाना होता, वाडीतलं ऊन होतं, पश्चात्ताप होता. लिहिताना डोळे भरून आले होते. ती त्यानं मिनेकोपुढे ठेवली. तिनं चष्मा लावून पाचही पानं वाचली.

“छान लिहिलंय,” ती म्हणाली. “पण ह्यातही सगळीकडे तुम्हीच आहात.”

त्यानं कागद परत घेतले.

“तुझं नाव घालू?”

“अजिबात नको.”

शेवटी उरल्या सहा ओळी. ‘वसंत अंकातील सोरामामे यांच्या पत्राची मी टिंगल केली. एकशे बारा जनावरांखालची ओल मी मोजली. त्यांचं निरीक्षण अचूक आहे. माझ्या सिद्धांतानं त्याचा उलगडा होत नाही, त्यांच्या म्हणण्यानं होतो. मी पत्र नीट वाचलं नव्हतं. त्यांची क्षमा मागतो, आणि हे सदर इथे थांबवतो.’ किताझावाला त्यानं फोनवर सोरामामे कोण तेही सांगितलं. मग किताझावा एवढंच म्हणाला, “मी त्या वेळी बोलायला हवं होतं.”

पन्नासाव्या अंकावर फार पत्रं आली नाहीत. काहींना वाटलं हीही गुरुजींची नवी थट्टाच, त्यांनी पुन्हा दोरीवरच्या रानडुकराचं चित्र पाठवलं. एकानं लिहिलं, पूर्वीचे उशियामा राहिले नाहीत.

फेब्रुवारीच्या शेवटी, वाडी आवरायच्या दिवशी, हिदेनोरी रजा टाकून गेला. मिनेकोला आधी विचारलं होतं. ती म्हणाली होती, “यायचं तर या. मी या म्हणत नाही, नको पण म्हणत नाही.” दहाच्या चहाला शेडमध्ये आठ-नऊ बायका आणि गोमी बसले होते. त्यानं उभं राहून त्या सहा ओळी वाचल्या. सहा ओळींना किती वेळ लागतो! पण त्याचा आवाज दोनदा अडकला, आणि वाचून झाल्यावर कागद कुठे ठेवायचा ते त्याला कळेना. कोणी हसलं नाही, कोणी ‘जाऊ द्या’ही म्हणालं नाही. मिनेको स्वतःच्या कपाकडे बघत होती. ज्या बाईनं त्या दिवशी अंक मोठ्यानं वाचायला घेतला होता, तिनं सरकून बाकावर जागा केली.

“चहा घ्या,” गोमी म्हणाला. “मग पेंढा उचलायचाय.”

तो दुपारपर्यंत पेंढा उचलत राहिला. ओला पेंढा वजनाला भारी असतो, हे त्याला त्या दिवशी कळलं.

घरी जाताना दोघं बांधावरून मागे-पुढे चालत होते. मग त्यानं विचारलं, “एक गोष्ट विचारू? सगळं पाणी गेलं तर ते जनावर मरत कसं नाही?”

मिनेको थांबली नाही. चार पावलं पुढे गेल्यावर म्हणाली, “माझ्या डोक्यात आहे एक.”

“काय?”

“आत्ता नाही सांगणार.”

“बरं,” तो म्हणाला, आणि मागून चालत राहिला.